आरशासकट मगर

वीर स्टेशनवरून मला महाडला आणणारा हा रिक्षावाला सावित्री नदीच्या काठी मगर दिसली की थांबतो, पण खाली उतरत नाही. "उतरलो की ती पाण्यात जाते, गुरुजी. रिक्षाला घाबरत नाय, रोजची हाय ना." फोटो तो सीटवरूनच काढतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात रिक्षाचा आरसा येतो. घाई करणाऱ्या प्रवाशाला म्हणतो, "ती बघा, सकाळपासून पडलीय. तिला हाय का घाई?"

फोटो तो मला पाठवतो, कारण मी निवृत्त शिक्षक, खाली चार ओळी नीट लिहून देतो. त्यातला जबडा उघडलेल्या मगरीचा फोटो मी वाचनालयाच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाने दिला. तो तिथल्या भिंतीवर कायमचा लागला आणि मला शाल मिळाली.

परवा मला वाचनालयात सोडायला आला, तेव्हा तो त्या फोटोसमोर थांबला. त्याने बाहीने काच पुसली आणि कोपऱ्यातल्या आरशावर बोट ठेवलं. आरशात मागच्या सीटवर मी होतो, गाढ झोपलेला, मगरीएवढाच आ वासून.

"तुमीच काढलात ना, गुरुजी?" तो हळूच म्हणाला. "झोपेत हात लई स्थिर हाय तुमचा."

शेवटी ग्रंथपालांना मीच खरं सांगितलं. फोटोखाली आता त्याचं नाव आहे. शाल घ्यायला मात्र तो तयार नाही.

"ऱ्हाऊ दे तुमालाच. रिक्षात झोपताना अंगावर घ्या."