शेवंताची नव्वद पावलं

आमच्या उणकलातून धारवाडला बसने अर्धा तास लागतो. एवढ्याशा वाटेचं कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. मी लिहितो, कारण बायको शेवंता गेल्यापासून तेरा महिने मी केरीच्या (तळ्याच्या) पलीकडे गेलो नव्हतो. माझं शिक्षण चौथी. चूक दिसली तर सोडून द्या.

बोलावणं फोनवर आलं. शैलजा नावाची बाई, धारवाडच्या एका कॉलेजात काचेच्या तारांवर काम करते. "धारवाड-अळणावर केबल पुरली तेव्हाचे मुकादम तुम्हीच का?" हो म्हणालो. त्या केबलचा एक जॉईंट तिला सापडत नव्हता. नकाशातल्या जागी तीनदा खणलं, नुसती माती निघाली. "मला काय आठवत नाही," असं म्हणून मी फोन ठेवला. खोटं बोललो. दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि चौथ्या दिवशी सकाळी निघालो.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. सवयीने मी अलीकडच्या सीटवर बसलो. खिडकी शेवंताची. नवनगर, रायापूर, सत्तूर, प्रत्येक थांब्याला ती म्हणायची, "इथं तर नुसतं रान होतं की हो." दर वेळी तेच. मी चिडायचो. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही, म्हणून मी मनात म्हणून घेतलं.

कॉलेजच्या दारात शैलजाबाई उभी होती. चाळिशीची असेल, माहेर हुबळीच्या कमरीपेठेतलं. "बर्री अज्जा (या आजोबा), चहा घ्या आधी." आमचं बोलणं सगळं कन्नडात झालं, इथं मराठीत लिहितो.

लॅबमध्ये तिने एक रीळ दाखवलं. शिलाईच्या दोऱ्याचं असतं तसं, पण दोरा काचेचा, केसाएवढा.

"यात बिस्मथ आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बिस्मथ? ते तर पोटाचं औषध. माझ्या बायकोला द्यायचे."

ती हसली. धातू तोच, म्हणाली. मग नीट समजावलं. केबलमधून उजेड जातो, लांब गेला की दमतो. त्याला वाटेत पुन्हा जोर द्यावा लागतो. तो जोर देणारी दुसऱ्या धातूची तार फार वर्षांपासून आहे, पण ती ठरावीक रंगांच्या उजेडालाच चालते. बाकीचे रंग डोळ्यांना दिसत नाहीत, पण केबलमध्ये त्यांना जागा आहे, ती रिकामी पडून आहे. "रस्ता चार पट्ट्यांचा आणि गाड्या एकाच पट्ट्यातून," असं ती म्हणाली. बिस्मथची तार त्या रिकाम्या पट्ट्यांतल्या उजेडाला जोर देते. म्हणजे जुन्याच केबलमधून जास्त काम निघतं, नव्याने चर खणायला नको.

"मग अडलं कुठं?"

"बिस्मथ लहरी आहे अज्जा. चिमूटभर घातला तर चालतो, जास्त झाला की काच काळी पडते."

मला एकदम शेवंताची जीभ आठवली. त्या गोळ्यांनी तिची जीभ काळी व्हायची. आरशासमोर उभी राहून ती मला जीभ दाखवायची आणि म्हणायची, "बघा, काळजिभी झाले. आता मी बोलेन ते खरं होईल." मी म्हणायचो, मग बरी होईन असं बोल. तसं ती कधी बोलली नाही.

"तिला गुण आला नाही," मी शैलजाबाईला म्हणालो. "तुमच्या तारेला येतो का बघू."

बाईने रीळ खाली ठेवलं. मग म्हणाली, तार आता ठीक आहे, अडलंय ते केबलपाशी. एका जॉईंटमध्ये उजेड गळतोय. तो उघडून नव्याने जोडला तर चाचणी होईल. आज सापडला नाही तर वरचे लोक जुनी केबल मोडीत काढणार आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने मशीन लावून नवी ओढणार.

शेवंता त्या चरात माझ्याबरोबर होती. डोक्यावर बुट्टी घेऊन माती तिने वाहिली. तिने शिवलेली गोधडी फाटली, चूल केव्हाच गेली. तिच्या हातचं अजून चालू असलेलं काम जगात ती केबल एवढंच. म्हणून सांगून टाकलं.

"बाई, नकाशा खोटा आहे. तो मीच खोटा सांगितला."

गाडीत बसल्यावर बाकीचं सांगितलं. चर सरळ न्यायचा हुकूम होता. अळणावरच्या वाटेवर, जंगल सुरू होतं तिथं, मधे एक नेरळं (जांभूळ) आलं. त्याच्या फांदीला आमच्या आनंदची झोळी बांधलेली. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं पोर. शेवंता फावडं टाकून मुळांवर बसली. "ह्या झाडाची मुळं तोडलीत तर मी इथंच बसते, माझ्यावरनं न्या केबल." मी शेताच्या अंगाला वळसा घेतला आणि जॉईंटचा खड्डाही झाडामागेच केला. साहेबाला सांगितलं, सरळ आहे. कागदावर सही केली.

"आणि तीस वर्षं गप्प बसलात?"

"कुणी विचारलंच नाही."

"म्हणून यंत्र दाखवतं ते गळतीचं अंतर आणि नकाशा जमत नव्हता! मी यंत्रालाच शिव्या घालत होते."

धारवाड मागे पडलं, भाताची शेतं आली, मग साग. जागा आली म्हणून उतरलो. नेरळं नव्हतं. रस्ता रुंद झालेला, झाड कापून नेलेलं, बुंधासुद्धा शिल्लक नाही. जवळपास आता एक चहाची टपरी. खणायला आलेला बसप्पा खोऱ्याला टेकून म्हणाला, "अज्जा, झाड खिशात घालून आणायचं होतं."

टपरीवाल्या गंगव्वाने गिरमिट (कालवलेले चुरमुरे) दिलं. खाता खाता ओढ्यावरची मोरी (लहान पूल) दिसली. एका अंगाचे दगड जुनेच होते. शेवंता त्या ओढ्याचं पाणी झाडापाशी आणायची आणि दर खेपेला मोजायची. "मोरीपासून नव्वद पावलं. शंभराच्या आत पाणी मिळतंय, नशीब समजा."

मी मोरीपासून नव्वद पावलं चाललो, टपरी ओलांडून शेताच्या अंगाला सरकलो, म्हणालो, इथं. बसप्पा आणि त्याच्या जोडीदाराने कमरेइतकं खणलं. माती. आणखी खणलं. माती. शैलजाबाईने घड्याळ बघितलं. बसप्पा म्हणाला, "चौथा खड्डा. पाचवा आमच्यासाठीच खणू आता."

मी ढिगाऱ्यावर बसलो. स्वतःची लाज वाटली. नव्वद पावलं तिची होती. मी ताडमाड माणूस, ती माझ्या छातीला लागायची. त्यात घागर भरलेली.

उठलो आणि गंगव्वाला म्हणालो, "एक कोडा (घागर) दे, भरून."

"प्यायला?"

"चालायला."

घागर कमरेवर घेतली. मोरीपाशी जाऊन वळलो. पहिली दहा पावलं माझीच पडली. मग घागर डचमळली, धोतर भिजलं, पाऊल आपोआप आखडलं. एक टेम्पोवाला ओरडला, "अज्जा, आजी कुठं गेली? तुम्ही पाणी भरताय?" बसप्पा खो खो हसला. मी मोजत राहिलो. तीस. चाळीस. ती वाटेत घागर दुसऱ्या कमरेवर घ्यायची, ते आठवलं, तशी घेतली. पाऊल आणखी लहान झालं. हेच, हेच तिचं. इतकी वर्षं ती मागून चालायची आणि मी ओरडायचो, लवकर चल की. तेव्हा ती अशी चालत होती. सत्तर. ऐंशी. डोळ्यांत पाणी आलं म्हणून दिसेना, पण मोजायला डोळे लागत नाहीत.

नव्वद झाली तेव्हा मी टपरीच्याही अलीकडे होतो.

"शेताकडे सहा हात," मी म्हणालो. या खेपेला कुणी हसलं नाही.

छातीइतक्या खोलीवर बसप्पाचं खोरं टणकन वाजलं. त्याने हाताने माती बाजूला केली. "अय्यो, पाटा आहे रे!"

शेवंताचा अर्धा पाटा. काम चालू असताना तो फुटला होता. टाकवेना, म्हणून तिने जॉईंटवर झाकण म्हणून ठेवला होता. त्याखाली विटा, रेती, आणि वेटोळं घालून ठेवलेली केबल.

पुढचं काम शैलजाबाईने स्वतः केलं. केसासारख्या तारा पुसल्या, कापल्या, यंत्रात धरून वितळवून एकमेकींना जोडल्या. माझे हात तेव्हा चिखलाचे असायचे, मला तारांजवळ फिरकू देत नसत. या वेळी बाईने मला शेजारी बसवलं. मग तिने लॅबमध्ये फोन केला आणि फोन कानाला लावून उभी राहिली. बराच वेळ. गंगव्वासुद्धा किटली हातात धरून थांबली.

"हौदा? (हो का?) पुन्हा बघा. पुन्हा बघितलं?" मग बाई माझ्याकडे वळली. "अज्जा, उजेड अळणावरला जाऊन परत आला. बिस्मथने उचलला."

"केबल मोडीत निघणार नाही ना?"

"आता कशी निघेल? मी नवा नकाशा काढते. वळशासकट."

बसप्पा पाटा उचलून म्हणाला, "गाडीत ठेवू?" मी दोन्ही हातांनी तो धरला. अजून खरखरीत होता, टाकीचे घाव तसेच. न्यावासा फार वाटला. पण झाकणाला दुसरं काय होतं? मी खड्ड्यात उतरून तो होता तसा ठेवला, आणि पहिली मूठ माती मीच टाकली.

परत येताना धारवाडात पेढे घेतले. बसमध्ये या खेपेला खिडकीशी बसलो.

घरी आनंदने दार उघडलं. "बाबा, धोतर ओलं कशानं? कुठं पडलात काय?" मी म्हणालो, पाणी भरत होतो. त्याला वाटलं, म्हातारा चळला. मग नेरळ्याची आणि झोळीची गोष्ट सांगितली तेव्हा तो पेढा हातात धरून बसून राहिला. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत माझी नऊ पावलं होतात. तिची चौदा. आता सकाळी दूध घ्यायला मी चौदा पावलांनी जातो. दूधवाला हाका मारतो, मारू दे.