भिंतीतून आत

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच सालच्या उन्हाळ्यात आईचा पाय मोडला. आई परभणीत नर्स होती. ड्युटीवरून येताना ऑटोतून उतरली, गटारीच्या काठावर पाय घसरला आणि नडगीचं हाड गेलं. मांडीपर्यंत प्लास्टर. जन्मभर पेशंटला ‘हलायचं न्हाई’ म्हणून दटावणारी बाई आता स्वतः घटकाभर गप्प पडेना. मी शाळेत शिक्षिका, मला सुट्टी लागलेली, म्हणजे तिच्या तावडीत सापडलेली मी एकटीच. पोळी जाड झाली, उशी खाली सरकली, पंखा कुरकुरतो. शेवटी वैतागून मी स्टेशनकडच्या व्हिडिओ लायब्ररीतून टीव्ही गेम भाड्यानं आणला.

कॅसेटवर तलवारवाल्या माणसाचं चित्र होतं. गावात राक्षस आलेला. गावकऱ्यांशी बोलायचं, लोहाराकडून तलवार घ्यायची, जंगल ओलांडायचं, किल्ल्यात शिरून राक्षस मारायचा. सुरुवातीला त्या शूराला नाव द्यावं लागे. आईनं तिच्या आईचं नाव दिलं. आजी सोनपेठकडं दुसऱ्याच्या रानात खुरपता खुरपता संपलेली बाई. ती आता ढाल-तलवार घेऊन निघाली.

“अगं, पण तो गडी दिसतोय,” मी म्हणाले.

“त्याच्या मिशा दिसायल्यात का तुला? मग झालं.”

तेव्हापासून घरात शांतता. आई सकाळी औषध घेऊन बसे ती जेवायलाच मान वर करी. लोकांशी बोललं की खाली इंग्रजी अक्षरं उमटत, आई ती मोठ्यानं वाचून मराठीत सांगे. सांगायला श्रोताही मिळाला होता. समोरच्या काकू.

काकूंचं घर जमीनजुमल्याचं, गावाकडं पाटीलकी. आमचं घर बौद्धांचं. काकू स्वभावानं गोड. आईकडून फुकटात बीपी मोजून घ्यायच्या, नातवाला इंजेक्शन टोचून घ्यायच्या. पण आमच्या घरात त्यांना कधी तहान लागायची नाही. चहा म्हटलं की चतुर्थी, पाणी म्हटलं की आत्ताच घेऊन आले. पंचांगात मावणार नाहीत इतके उपास त्या आमच्या ओसरीवर करायच्या. तर त्या काकू “सिस्टर, पाय कसा हाय?” म्हणत आल्या आणि टीव्हीसमोर बसल्या त्या बसल्याच. दुसऱ्या दिवशी पायाचं विचारायलाही विसरल्या.

“गावातल्या त्या म्हातारीला विचारलं का? तिला सगळं माहीत ऱ्हातंय,” काकू सुचवायच्या. “जंगलात जाऊ नका, सिस्टर, तलवार लाकडाची हाय अजून.”

आजी पार किल्ल्याच्या दारात पोचली होती, तेवढ्यात लायब्ररीवाला भाडं न्यायला घरी आला. पिशवीतून त्यानं चकचकीत डबा काढला.

“मावशी, ती जुनी झाली आता. हीच गेम नव्यानं बनवून आलीय. रंग बघा, आवाज बघा!”

“गोष्ट तीच हाय का?”

“तीच. नावबी तेच, पुढं फक्त ‘न्यू’ जोडलंय.”

आईनं त्याच्याकडं एक नजर टाकली. “असलं जोडकाम आमाला चांगलं माहीत हाय,” म्हणाली. सतरा वर्षं आमच्या लोकांनी विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मागणी केली, मार खाल्ला, घरं जाळून घेतली. आणि शेवटी जुनं नाव तसंच ठेवून त्याला नवं जोडून मिळालं. लायब्ररीवाल्याला बोलणं कळलं नाही. जुनी कॅसेट घेऊन तो गेला.

रंग खरंच भारी होते. आकाश शेंदरी, गवत पोपटी, राजाच्या अंगावर इतकं सोनं की डोळे दुखावेत. आईनं पुन्हा आजीचं नाव घातलं. अर्धंच उमटलं, पुढं चौकोन. खेळ सुरू झाला. लोहार कमरेपर्यंत जमिनीत गाडलेला, तसाच हातोडा मारतोय. म्हातारीशी बोलावं तर खाली रिकामी चौकट. घोड्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. घोडा पुढं गेला तरी शेपूट मागं हवेत लटकत राही. नदीवरच्या पुलावर पाय ठेवला की आजी पुलातून खाली निळ्यात पडे आणि पडतच राही.

“आता गं बाई! कुठवर पडायलीय ती?” काकू घाबऱ्या झाल्या.

“खाली तळ बांधायचा राहिलाय,” आई म्हणाली. “राजाला रंग लावण्यात गडबड झाली असंल.”

शिवाय खेळ अधूनमधून थिजायचा. चित्र जागच्या जागी थांबे आणि एकच सूर कानात भोंग्यासारखा घुमे. मग कॅसेट काढायची, तोंडानं फुंकायची, पुन्हा घालायची, पुन्हा गावापासून सुरुवात. आईला उठता येत नव्हतं, मी स्वयंपाकात, त्यामुळं फुंकायचं काम काकूंकडं गेलं. काकू चूल फुंकावी तसे गाल फुगवून फुंकायच्या. एका दुपारी लाईट नव्हती, उकाडा मरणाचा. लाईट आली तसा खेळ लागोपाठ थिजला. फुंकून फुंकून काकूंच्या घशाला कोरड पडली.

“पाणी दे गं पोरी,” त्यांनी टीव्हीवरची नजर न हलवता हात पुढं केला.

मी पेला दिला. त्यांनी घटाघटा रिकामा केला. मग हातातल्या पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आई टीव्हीकडंच बघत होती, मुद्दाम. काकूंनी पेला हळूच खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, पण उठल्या नाहीत, कारण आजी जंगलात होती. दुसऱ्या दिवशी मात्र येताना घरून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “डॉक्टरनं उकळलेलंच प्यायला सांगितलंय,” म्हणाल्या. कुठल्या डॉक्टरनं, ते नर्सनं विचारलं नाही.

पुढं एकदा पुलाच्या बाजूबाजूनं जाताना आईच्या लक्षात आलं की नदीवरूनच चालता येतं. पाणी नुसतं रंगवलेलं. तशी ती किल्ल्याजवळ आली. दारावरच्या शिपायानं हात आडवा केला. नव्या गेममध्ये त्याला राजमुद्रा दाखवायची होती, आणि मुद्रा देणारी म्हातारी तर मुकी झालेली. आई तटाला खेटून चालू लागली. एका कोपऱ्यावर आजी भिंतीत शिरली आणि पलीकडं आत निघाली. काकू किंचाळल्या. आत राक्षस कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता, अडकलेला. आईनं मागून वार करत करत त्याला आडवा केला. पडद्यावर फुलं पडली, तुतारी वाजली. मी टाळ्या पिटल्या.

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “असं जिंकणं काय खरं न्हाई, सिस्टर. दारातनं जायला पायजे व्हतं.”

“दारात शिपाई हाय.”

“तरी पण कायदा आसतोय की खेळाचा.”

आईनं गेमचा रिमोट मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही. “बाई, दार लावून घेतलं त्यांनी, भिंत बांधायची ऱ्हायली तीबी त्यांचीच. मी आपली चालत गेले.”

काकूंनी तांब्या उचलला. भाजी टाकायची आहे म्हणाल्या आणि गेल्या.

आठवड्याभरात प्लास्टर निघालं. पाय काटकीसारखा झाला होता, पण आई त्यावर उभी राहिली, आणि लंगडत का होईना ड्युटीवर जायला लागली. मी गेम परत केला. त्या डब्याची तारीफ करत लायब्ररीवाल्यानं माझ्यादेखत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला. काकू दोन-तीनदा येऊन गेल्या, बंद टीव्हीसमोर जरा वेळ बसल्या. मग यायच्या बंद झाल्या.

“काकू येईनात गं हल्ली,” मी आईला म्हणाले.

आई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. “नातवाचं इंजेक्शन ऱ्हायलंय,” ती म्हणाली. “येतील.”