जोडाखालची फांदी

"सॅम्पलं बदललीस तू," सर म्हणाले. "पानं एकाच झाडाची, आणि लॅब म्हणते ही दोन वेगळी झाडं. असं होत नसतं."

मी फळसंशोधन केंद्रात सरांच्या हाताखाली फळझाडांच्या जाती तपासते. लोणावळ्यातल्या एका बंगल्यात पीचचं जुनं झाड होतं. फळ देत नाही म्हणून मालक ते पावसाळ्याआधी तोडून पार्किंग करणार होते. पीचच्या कळ्यांना हिवाळ्यात चांगली थंडी लागते, तेवढी इथे पडत नाही. पण बंगला सांभाळणाऱ्या, जवळच्या औंढे गावच्या सुलोचनामावशी मला म्हणाल्या होत्या, "खालच्या एका फांदीला लागत्यात की. लय आंबट. आमी चटणी करतो."

म्हणून मी त्या फांदीचं एक आणि शेंड्याचं एक पान नेलं. शेंड्याचं पान निघालं बाजारातल्या नेहमीच्या जातीचं. फांदीचं पान आमच्या संग्रहात कशाशीच जुळेना.

"सॅम्पलचाच भरवसा नसेल, तर झाड ठेवा असं मालकांना कोणत्या तोंडाने सांगू?" सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पाकिटांवर नावं मी स्वतः घातली होती. "उद्या माझ्याबरोबर चला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर झाडाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. ती फांदी कलमाच्या जोडाखालून फुटली होती. पीचचं कलम करताना रानपीचच्या बीपासून रोप वाढवतात, त्याला खुंट म्हणतात. त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटणारा कोंब, बसवतात. म्हणजे खाली एक झाड, वर दुसरं. एका जातीची कलमं सगळी सारखी. बीपासून आलेला प्रत्येक खुंट मात्र आपापल्या गुणांचा. लॅब बरोबर होती, आणि मीही.

"पण जोडाखालची फूट माळी ठेवत नाही," सर म्हणाले. "आपणच तसं शिकवतो. ही कशी राहिली?"

"माळी तोडाया आलता," मावशी म्हणाल्या. "म्या न्हाई म्हटलं. कपड्याची दोरी मंग कुटं बांदू?"

खरंच, फांदीला दोरी होती आणि दोरीवर चादरी. मला इतका आनंद झाला की मी मावशींना मिठीच मारली. लोणावळ्याच्या हिवाळ्यात फळणारा रानपीच! त्याचा हा गुण नव्या जातींत उतरला, तर सह्याद्रीतही पीच पिकेल.

सरांनी तिथूनच मालकांना फोन लावला. पार्किंग काही टळलं नाही; आठवडा तेवढा मिळाला. आम्ही त्या फांदीचे डोळे काढून आमच्या रोपवाटिकेतल्या खुंटांवर भरले. झाड गेलं. डोळे फुटले, त्या दिवशी सरांनी सगळ्या ऑफिसला भजी खाऊ घातली.

जोडाखालचं छाटा, असं मी अजूनही शिकवते. छाटण्याआधी एकदा ते फळू द्या, एवढं पुढे जोडते. मावशींसाठी बंगल्याच्या मागच्या भिंतीत हुक ठोकून घेतले. नव्या रोपांना नंबर द्यायचा असतो. मी पाटीवर ‘दोरी’ लिहिलं. सरांनी ते खोडलेलं नाही.