तोयोनागाचं गाणं वाजवणारा

हिरामात्सुचे वरचे पुढचे दोन दात मे महिन्यातच हलायला लागले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं, काढून टाका. त्याने विचारलं, काढल्यावर ट्रम्पेट वाजेल का? बाई म्हणाल्या, कवळीवर वाजवणारे असतात, पण सगळं नव्याने शिकावं लागतं, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. वय काय तुमचं? अडुसष्ट, तो म्हणाला. मग त्याने ऑक्टोबरमधली तारीख मागून घेतली, बेसबॉलचा हंगाम संपल्यानंतरच्या मंगळवारची, आणि पाच महिने डाव्या दाढांनी भात चावत काढले.

एवढा आटापिटा कशासाठी, तर तोयोनागासाठी. तोयोनागा बगळ्यांच्या संघातून वीस वर्षं खेळत होता. बगळे म्हणजे आमचा ओकायामाचा संघ. जिंकण्यासाठी फारसा प्रसिद्ध नाही. त्या संघात नाव घ्यावं असा एकच माणूस, आणि त्याचे झाले होते एकोणीसशे नव्याण्णव फटके. बेसबॉलमध्ये फटका तोच धरतात, जो मारून खेळाडू चेंडू पोचायच्या आत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यावर, सुखरूप पोचतो. दोन हजार झाले की माणूस कायमचा मोठा होतो, मग तो कुठल्याही फुटक्या संघातला असो. तो दोन हजारावा फटका बसला की विजयाची धून फुंकायची आणि ट्रम्पेट पेटीत ठेवून द्यायचं, असं हिरामात्सुने ठरवलं होतं. त्याने हे बायकोला सांगितलं नव्हतं, मित्रांनाही नाही. एवढं एक झालं की सुटलो, असं मात्र त्याला रोज वाटायचं.

हिरामात्सु कोजिमातल्या एका शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायचा. काळ्या कापडाचे तीस-तीस थर एकावर एक रचायचे आणि पात्याच्या यंत्राने एका दमात आकार कापायचा. चव्वेचाळीस वर्षं त्याने हेच केलं. आता आठवड्यातले तीनच दिवस बोलवत होते, आणि खरं सांगायचं तर तेही दयेपोटी. बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. मूलबाळ नाही. बायको सुमिए चांगली बाई, पण बेसबॉलचा तिला तिटकारा. तो घरी आला की "जिंकले का?" असं ती कधी विचारत नसे. "हरले ना? पाय धू," एवढंच म्हणायची. आणि बहुतेक वेळा तिचं बरोबरच असायचं.

मात्र मैदानात उजव्या बाजूच्या मागच्या स्टँडमध्ये, जिथे ढोल, निशाणं आणि ट्रम्पेटवाले उभे असतात, तिथे हिरामात्सुचा शब्द चालायचा. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की ट्रम्पेटवर चाल सुरू होते आणि सगळा स्टँड गातो, तो बाद होईपर्यंत किंवा पळत सुटेपर्यंत. तोयोनागाच्या गाण्याची चाल हिरामात्सुचीच. बावीस वर्षांचं ते पोर संघात आलं, तेव्हा कापड कापता कापता त्याला ती सुचली होती. शब्द इशिगाने लिहिले होते.

इशिगा तोफूवाला. पहाटे तीनला उठून सोयाबीन दळणारा माणूस, त्यामुळे सामन्याच्या चौथ्या डावापर्यंत पेंगायचा आणि अंपायर चुकला की खडबडून जागा व्हायचा. त्याचा जन्माचा भिडू ताकिगुची. निवृत्त गणिताचा मास्तर, वहीतले चौकोन शिसपेन्सिलीने भरत धावफलक लिहिणारा. हंगामाचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता, आणि हे दोघे पहिला चेंडू पडायच्या आतच जुंपले.

"मी म्हणतो, अंपायर हवाच कशाला?" इशिगा डब्यातला ममाकारी, म्हणजे लोणच्यातला छोटा मासा, शेपटीला धरून हलवत म्हणाला. "कोरियात बघा. यंत्र सांगतं, चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. ना भांडण, ना तंटा."

"मग तू इथे येऊन काय करशील?" ताकिगुची वहीतून मान वर न काढता म्हणाला. "तुझं निम्मं आयुष्य अंपायरला शिव्या घालण्यात गेलंय. यंत्राला घालणार आहेस?"

"घालीन की! घरच्या फ्रिजला रोज घालतो."

"व्हिडिओ बघून निर्णय फिरवायची सोय करून दिलीच आहे ना? मग? समाधान झालं तुझं?"

"ती फक्त बेसवर पोचला की नाही एवढ्यापुरती हो, मास्तर! चेंडू स्ट्राइक होता का, हे अजून त्या मुखवटेवाल्याच्या मर्जीवर. अर्धवट कारभार."

"माणूस चुकतो, इशिगा. चुकण्यासकट खेळ आहे."

"चुकायचंच असेल तर आमच्या बाजूने चुका म्हणावं. पन्नास वर्षांत एकदा तरी."

मागून मियाकेबाई हसल्या. त्या सरकारी इस्पितळात नर्स, पंचेचाळिशीच्या, हिरामात्सुच्या शेजारी उभं राहून दुसरं ट्रम्पेट वाजवणाऱ्या. त्यांच्या पायाशी "२०००" लिहिलेला पुठ्ठा होता. असे पुठ्ठे सगळ्यांकडेच होते. तीन आठवडे माणसं ते घेऊन यायची आणि तसेच परत न्यायची. एकोणीसशे नव्याण्णवावा फटका सप्टेंबरच्या मध्याला बसला होता. त्यानंतर सत्तावीस वेळा तोयोनागा बॅट घेऊन आला आणि सत्तावीस वेळा काहीच झालं नाही. पुठ्ठ्यांचे कोपरे दुमडले होते.

"बेचाळीस वर्षांच्या माणसाला चौथ्या क्रमांकावर खेळवतात," ताकिगुची पुटपुटला. "हा सामना आहे की सत्कार? कुणीतरी त्याला घरी जा म्हणायला हवं."

"तुम्ही म्हणा. तुम्ही मास्तर आहात."

"हिरामात्सुसान, तुम्हाला काय वाटतं?" मियाकेबाईंनी विचारलं.

हिरामात्सु कोमट चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्याने पीत होता. "आज होईल," तो म्हणाला. त्याला तसं वाटत होतं असं नाही. पण आज झालं नाही तर कधीच होणार नव्हतं, आणि त्याच्या दातांनाही आजच्या पलीकडचा दिवस नव्हता.

दुसऱ्या डावात तोयोनागाने चेंडू उंच उडवला आणि झेल गेला. चौथ्या डावात तो पुन्हा आला. हिरामात्सुने चाल सुरू केली. प्रत्येक सुराला हिरडीत कळ जात होती, पण पाच महिन्यांत तिची सवय झाली होती. तिसऱ्या चेंडूवर तोयोनागाची बॅट चेंडूच्या डोक्यावर बसली. चेंडू मेल्यासारखा तिसऱ्या बेसच्या रेषेवरून रखडत निघाला. वाईट फटका, पण वाईट फटक्याला एक फायदा असतो, तो उचलायला वेळ लागतो. तोयोनागा पळत सुटला. त्याचा उजवा गुडघा दोनदा कापलेला होता, आणि ते पळणं बघवत नव्हतं. चेंडू आणि तोयोनागा दोघे पहिल्या बेसवर एकदमच पोचल्यासारखे दिसले. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. सुखरूप!

आता इथे एक सांगायला हवं. व्हिडिओची सोय आल्यापासून स्टँडमध्ये एक शिस्त होती, आणि ती हिरामात्सुनेच घालून दिली होती. असा काठावरचा निर्णय आला की लगेच विजयाची धून वाजवायची नाही. समोरच्या संघाच्या बाकाकडे बघायचं, मनात दहा आकडे मोजायचे, त्यांचा व्यवस्थापक बाहेर येऊन व्हिडिओ मागायला बोटांनी हवेत चौकोन काढत नाही ना याची खात्री करायची, आणि मगच फुंकायचं. घाई करणाऱ्या नव्या वादकांना त्याने यावरून किती वेळा झापलं होतं.

त्या दिवशी त्याने एकसुद्धा आकडा मोजला नाही.

अंपायरचे हात पसरले आणि त्याने ट्रम्पेट आभाळाकडे करून फुंकलं, छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून. दुसऱ्या ओळीवर तोंडात काहीतरी सुटलं. रक्ताची चव आली. तो थांबला नाही. ढोल त्याच्या मागे आला, वीस हजार माणसं उठली, दुमडलेले पुठ्ठे वर झाले. पहिल्या बेसवर वाकून गुडघ्याला हात लावून उभ्या असलेल्या तोयोनागाने ती धून ऐकली, शिरस्त्राण काढलं, आणि उजव्या स्टँडकडे वळून खाली वाकून नमस्कार केला. फुलांचा गुच्छ घेतलेली एक बाई बाकाकडून धावत निघाली.

पाहुण्यांचा व्यवस्थापक तेव्हा बाहेर आलेला होता. त्याची बोटं हवेत चौकोन काढत होती, आणि चेहरा असा की जणू त्यालाच कुणी रागावलं आहे. गुच्छवाली बाई अर्ध्या वाटेत थांबली. अंपायर व्हिडिओ बघायला आत गेले.

मोठ्या पडद्यावर तेच दृश्य हळूहळू, पुन्हा पुन्हा दाखवत होते. चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या हातमोज्यात शिरला होता आणि तोयोनागाचा बूट अजून बेसच्या चार बोटं वर होता. पहिल्यांदा लोक ओरडले. दुसऱ्यांदा कुजबुजले. तिसऱ्यांदा पुठ्ठे एकेक करून खाली आले.

"बंद करा ते," इशिगा म्हणाला.

"का? यंत्र हवं होतं ना तुला?" ताकिगुची म्हणाला. त्याच्या आवाजात खोचकपणा नव्हता. त्यालाही वाईटच वाटत होतं.

"अंपायर आमच्या बाजूने चुकला होता, मास्तर. पन्नास वर्षांत एकदा."

अंपायर बाहेर आला आणि त्याने मूठ उगारली. बाद. तोयोनागा शिरस्त्राण हातात धरूनच परत निघाला. गुच्छवाली बाई वळली, आणि पळावं की चालावं हे न कळून तुरुतुरु गेली.

हिरामात्सु खाली बसला. दात गेल्याचं त्याला काही वाटलं नाही; तो त्याने रुमालात बांधून खिशात टाकला. पण तोयोनागा वाकला होता तो आपल्या धुनीमुळे, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दहा आकडे मोजले असते तर तो माणूस नुसता बाद झाला असता. वीस हजार माणसांपुढे नमस्कार करून मग बाद व्हायची वेळ त्याच्यावर आली नसती.

"तोंड उघडा," मियाकेबाई म्हणाल्या. "अगंबाई! कधीपासून हे?"

"मेपासून."

"कुणाला सांगायचं नाही का? हे धरा." त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा काढून त्याच्या हिरडीवर दाबला. "आणि आता फुंकायचं नाही. ऐकलंत का? हट्ट केलात तर ट्रम्पेट काढून घेईन." त्याने हट्ट केला नाही. हट्ट करायला लागतं तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

सातव्या डावात दोन बाद झाल्यावर तोयोनागा शेवटचा आला. बगळे तीन धावांनी मागे होते, पण धावांची पर्वा कुणालाच नव्हती. मियाकेबाईंनी चाल सुरू केली. एक सूर जरा चढा लागला, बाकी बरी वाजवली. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा हिरामात्सु त्या गाण्याच्या वेळी ट्रम्पेटशिवाय उभा होता. म्हणून तो गायला लागला.

*पलीकडच्या बेटावर पडू दे चेंडू,*
*बंदरावरचे दिवे लागायचेत अजून...*

तिसऱ्या ओळीशी तो अडला. हे गाणं त्याने हजारो वेळा वाजवलं होतं, पण गायलं कधीच नव्हतं. चाल त्याच्या रक्तात होती आणि शब्द त्याला येत नव्हते! शेजारच्यांच्या ओठांकडे बघत तो अंदाजाने पुढे गेला.

*आम्ही इथे आहोत, तोयोनागा, घाई कर.*

"घाई नको!" इशिगा त्याच्या कानात ओरडला. "घाई नको, असं आहे ते! वीस वर्षं झाली, लेका. माझे शब्द असे ऐकलेस होय?"

"आम्ही इथे आहोत, तोयोनागा, घाई नको," हिरामात्सु म्हणाला. तेव्हाचं ते पोर प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवायचं, म्हणून इशिगाने तसं लिहिलं होतं.

दोन स्ट्राइक झाले. पुढचा चेंडू बाहेरच्या बाजूला, खालून आला. तोयोनागा उभा होता. चेंडू मोज्यात गेला. अंपायरने क्षणभर वाट बघितली आणि हात उगारला. तिसरा स्ट्राइक, म्हणजे बाद.

सगळा स्टँड एकदम पेटला. "डोळे फुटले का रे!" "चष्मा घाल!" पाहुण्यांकडचे लोकसुद्धा चुळबुळायला लागले. इशिगाने फोनवर तो चेंडू शोधून काढला आणि हिरामात्सुच्या नाकाशी धरला.

"बघ! बघ की! अख्खा चेंडूभर बाहेर आहे. आणि याला व्हिडिओ चालत नाही म्हणे! लुबाडलं त्याला, दिवसाढवळ्या लुबाडलं!"

"बाहेर असेल," हिरामात्सु म्हणाला. बोळ्यामुळे शब्द बोबडे येत होते. "पण त्याची बॅट खांद्यावरून हललीच नाही, इशिगा. बाहेरचा आहे म्हणून त्याने सोडला नाही. त्याला तो आला हेच कळलं नाही."

"इथून तुला काय दिसतं? सव्वाशे मीटरवरून?"

"वीस वर्षं इथूनच बघतोय."

इशिगाने फोन परत आपल्याकडे घेतला आणि तो चेंडू पुन्हा लावला. या वेळी त्याने चेंडूकडे बघितलं नाही, तोयोनागाकडे बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं. ताकिगुचीने वहीवरून वाकून पाहिलं आणि चौकोनात काहीच न लिहिता पेन्सिल खिशात ठेवली. खाली मैदानात तोयोनागा बाकाच्या पायऱ्या उतरत होता, एका हाताने कठडा धरून.

"अंपायरनेच घालवलं त्याचं," इशिगा हळूच म्हणाला. "आपण असंच म्हणू या. काय?"

"म्हणू या," ताकिगुची म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने इशिगाचं काही मान्य केलं.

हिरामात्सु आजवर कधी कुठल्या अंपायरला अवाक्षर बोललेला नव्हता. तो उठून कठड्याशी गेला, तोंडातला बोळा काढला, आणि घसा फाटेपर्यंत ओरडला, "चोर! त्याचा फटका चोरलास तू! चोर!"