योएझरचा वाटा

योएझरच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. जन्मतः नव्हती. गावातल्या शप्पीराकाकूंच्या खळ्यावर ती मोडली गेली, आणि मोडणारे देवाचं नाव घेत आले होते.

आमच्या गावात तो एकटाच याजक. वर्षातून दोन आठवडे यरुशलेमला जाऊन मंदिरात सेवा करायची आणि उरलेलं वर्ष गावाने पिकातून काढून दिलेल्या वाट्यावर जगायचं. याजकाला जमिनीत हिस्सा नाही, हे मी शाळेत चाळीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं. योएझर कधी कोणाच्या दारात मागायला उभा राहिला नाही. धान्य मिळालं की त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा, गाढवाचंसुद्धा.

मग यरुशलेमच्या बड्या याजकांचे नोकर हा वाटा उचलायला काठ्या घेऊन थेट खळ्यांवर येऊ लागले. ज्यांच्या घरात दगडी न्हाणीघरं, त्यांना आमचे गहू हवे होते! गेल्या वर्षी योएझर पुढे झाला. "अरे, ह्यावर माझी नातवंडं जगतात," एवढंच म्हणाला. काठी पडली.

पुढे सेवेची पाळी आली तेव्हा तिथल्या लोकांनी हात पाहिला. व्यंग असलेल्याला वेदीवर चढता येत नाही. त्याला काळे कपडे दिले आणि वेदीच्या सरपणातली किडकी लाकडं निवडायला बसवलं. ज्यांनी काठीवाले पाठवले, ते पांढऱ्या वस्त्रांत वेदीवर चढत होते.

तो हिवाळा त्याच्या घराने सुक्या अंजिरांवर काढला. सुनेचं दूध आटलं. तसाच दुसरा हिवाळा आला असता, तर बाळ वाचलं नसतं.

यंदा शप्पीराकाकूंनी गहू मळले, उपणले, आणि रास तशीच ओबडधोबड ठेवली. फावड्याच्या पाठीने रास सारखी केली की मगच तिच्यावर देवाचा, म्हणजे याजकाचा, वाटा लागू होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

नोकरांचा मुकादम तोविया आला. "रास सारखी का नाही केलीस, म्हातारे?"

"कंबर धरलीय रे."

"मग आम्ही करतो."

"कर की. धनिणीला न विचारता सारखी केलेली रास चालते का, ते तुझ्या मालकांना विचारून ये. शास्त्र वाचतात ना ते? की सगळं काठीवरच चालतं?"

तोवर निम्मं गाव जमलं होतं. तोविया थबकला. माणसाची बोटं मोडायला त्यांना लाज वाटली नव्हती, पण चारचौघांत नियम मोडायची भीती वाटत होती!

"बसतो इथंच," तो म्हणाला. "बघू किती दिवस दुखते ती कंबर."

त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या खळ्यांवर कंबरा धरल्या होत्या.

सारख्या न केलेल्या राशीतून मूठमूठ खायला मात्र मुभा असते. काकूंनी जाळ केला, गहू भाजले आणि योएझरच्या घरच्यांना हाका मारल्या. "ये गं पोरी, पोटभर खा. अंगात काही गेलं तर दूध येईल." उन्हात ताटकळलेल्या एका नोकराने हात पुढे केला.

"तू काठी खा," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ते शिव्या देत निघून गेले. काकू उठल्या, रास सारखी केली आणि योएझरच्या पदरात वाटा घातला. त्याने सगळ्यांना आशीर्वाद दिले. गाढवालाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. ते काठीवाले खालच्या गावात शिरले होते. तिथल्या राशी सारख्या करून तयार होत्या. तिथला याजक शेबन्या, म्हातारा आणि आंधळा. त्याला एक दाणा ठेवला नव्हता.

योएझरने पोतं सोडलं आणि निम्मे गहू गाढवावर लादले.

"वेडा झालास का?" काकू कडाडल्या. "सून अजून नीट उभी राहत नाही, आणि तू वाटत सुटलास?"

"काकू, तुमच्या कंबरेचा भुर्दंड त्या आंधळ्याने भरला."

योएझर संध्याकाळी रिकामं पोतं घेऊन परतला.

"पुढच्या वर्षी खालच्या गावाला आधी निरोप धाडायचा," तो म्हणाला. "त्याच्या खालच्यालाही. सगळ्यांच्या कंबरा एकदमच धरल्या पाहिजेत."

बोलताना त्याने मूठ आवळली होती. दोन बोटं तेवढी मिटत नव्हती.