सोळा वर्षांचा, कष्टाळू आणि खंबीर

इथे आखातात, अस्करच्या वर्कशॉपमधल्या फिटर-वेल्डरांना शिफारसपत्रं लिहून देण्यात माझी निम्मी नोकरी गेली. कष्टाळू, खंबीर, एकट्याने सगळं निभावणारा, एवढं लिहिलं की माणसाला काम मिळतं, असा माझा अनुभव. त्या अनुभवाच्या जोरावर मी एका पोराचं जवळजवळ वाटोळं केलं.

माझी धाकटी बहीण युरोपात असते. आईबापांशिवाय तिथे पोचलेल्या निर्वासित मुलांची ती कोर्टाने नेमलेली पालक. त्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाचा आश्रयाचा अर्ज चालू होता. सोबत जोडायच्या पत्राचा मसुदा तिने मला पाठवला, "दादा, इंग्रजी तेवढं सफाईदार कर." मी सफाईच केली. 'झोपेत दचकून उठतो', 'उशीखाली पाव लपवून ठेवतो' ही वाक्यं मला त्याच्यासाठी लाजिरवाणी वाटली, ती उडवली. कष्टाळू घातलं, खंबीर घातलं. आणि बहिणीचा वेळ वाचावा म्हणून परस्पर तिच्या वकीलबाईंनाही पाठवून दिलं. केवढी ही हुशारी!

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आम्ही चार मराठी कुटुंबं सहलीला झल्लाकच्या किनाऱ्यावर पोचतोय तोच तिचा फोन.

"दादा, तू त्याला नोकरीला लावतोयस का रे?"

"का गं, काय झालं?"

"त्याच्याच गावची, त्याच्याच वयाची मुलगी आहे. तिला आश्रय मिळाला. तिची भीती कुणाला समजावून सांगावी लागली नाही. मुलगा म्हटला की अर्ज तपासणाऱ्या साहेबांना आधी बाप्या दिसतो, आणि तू तर त्याला मिशाच चिकटवल्यास! हे पत्र अर्जाला लागलं तर परत पाठवतील त्याला."

वकीलबाई फोन उचलत नव्हत्या. पत्र लागलं की राहिलं, काही कळेना. बाकीचे भेळ खात होते आणि मी फोन घेऊन वाळूत येरझाऱ्या घालत होतो.

"खलास! पुरे, बसा आता," बायको म्हणाली. "खड्डा पडेल तिथे."

बसलो. पुन्हा उठलो.

दुपारी घरी पोचल्यावर वकीलबाईंचा निरोप आला. पत्र अजून लावलेलं नव्हतं. संध्याकाळच्या आत नवं हवं होतं, त्याची भीती नीट उलगडून सांगणारं. "उडवलंस तूच, आता लिहीही तूच," असा बहिणीचा हुकूम. ते पुढे वेळेत गेलं. निकालाची वाट आम्ही अजून बघतोय. पण त्या दुपारी माझं घोडं पहिल्याच वाक्याला अडलं.

"चांगल्या धडधाकट मुलाला भित्रा कसं लिहायचं गं?" मी बायकोला म्हणालो. "आपलाच पोरगा बघ. अठराव्या वर्षी एकटा पुण्याला गेला. विमानतळावर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी ग्रुपवर टाकलं होतं ना, वाघासारखा गेला म्हणून?"

ती भेळेचे डबे विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, "पासपोर्टवर शिक्का बसल्यावर आतल्या बाथरूममधून फोन केला होता त्याने मला. हुंदके आवरत नव्हते. म्हणाला, आई, बाबांना सांगू नकोस, त्यांनी ग्रुपवर टाकलंय."