पापडावरचं तुळशीचं पान

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझ्या फॉल-पिकोच्या मशीनला लागूनच उज्वलाचं नागलीच्या पापडांचं दुकान आहे. गाळ्यात गॅस लावायला मनाई, म्हणून तिने मायक्रोवेव्ह आणला. गिऱ्हाइकासमोर पापड भाजून हातावर ठेवायचा, की पुडा खपलाच. नवरा महेश फौजेत, लांब सरहद्दीवर. दुकान तिने एकटीने उभं केलं. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मला ती फार आवडते.

तिला सातवा महिना लागला आणि चांदवडहून तिच्या सासूबाई, सिंधुबाई, आल्या. मायक्रोवेव्हचे किरण पोटातल्या बाळाला लागतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ग्रहणात अन्नावर ठेवतात तसं त्यांनी भाजलेल्या प्रत्येक पापडावर तुळशीचं पान ठेवलं. गिऱ्हाइकं बुचकळ्यात! माझं तर डोकंच फिरलं.

"मशीन बंद कर, नायतर दुकान बंद. महेशला सांगितलंय मी. आज फोन करून तोच सांगंल तुला," सिंधुबाईंनी सुनेला बजावलं.

"त्यांनी सांगितलं तरी बंद करणार नाही," उज्वला म्हणाली. तिने मशीनमधली फिरती ताटली काढली आणि साध्या बशीवर पापड न फिरवता भाजला. तो कुठे फुलला, कुठे कच्चाच राहिला.

"बघा आई. लाट जिथे जोरात, तिथे भाजला. भूतबीत नाही काही. उजेडाच्याच जातीची लाट, फक्त दिसत नाही. पेटीतच कोंडलेली असते, आणि दार उघडलं की संपते. दिवा घालवल्यावर उजेड उशीखाली दडून बसतो का?"

"पापडाचं नको सांगू. माझ्या नातवंडाला काय झालं तर?" सिंधुबाईंनी उज्वलाच्या पोटाकडे पाहिलं. माझा राग जरा उतरला.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. महेशच. तिकडे रेंज क्वचितच मिळते, त्यामुळे सकाळपासून त्या फोन सोडून हलल्या नव्हत्या. त्यांनी तो बाहेर काढताच उज्वलाने त्यावर तुळशीचं पान ठेवलं.

"उचलू नका. तुमच्या मुलाचा आवाज त्याच जातीच्या लाटांवरून येतोय."

फोन वाजत राहिला. सिंधुबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. मग पान झटकून फोन कानाला लावला.

"हां महेश... तिला काय सांगायचं नाय आता. मशीन चालू हाय. तू जेवला का?"